पाच वर्षं आणि एक मंगळवार

सकाळी ६:३०

जुलै महिन्यात सांगलीतला माणूस जाग आली की आधी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघतो. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आज कृष्णा बरीच खाली आहे. तरी कोयनेच्या पाणलोटात रात्रीत पाऊस किती झाला तेही बघून ठेवतो, कारण तिथला पाऊस आणि धरणातून सुटणारं पाणी यांवर आमच्या गल्लीचे पुढचे दिवस अवलंबून असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा गावात शिरलं.

मी एका संगीत-नाट्य संस्थेचा पूर्णवेळ व्यवस्थापक आहे. छोटं सभागृह, संध्याकाळचे गायन-वादनाचे वर्ग, ध्वनिमुद्रणांचा संग्रह, हिवाळ्यातला तीन दिवसांचा महोत्सव आणि वर्षभर अधूनमधून होणारे नाट्यप्रयोग असा आमचा पसारा. आज संध्याकाळी कार्यकारिणीपुढे पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठेवायचा आहे, आणि त्याचं पहिलं पान पुराचं आहे. तंबोरे आणि ध्वनिफिती कायम वरच्या मजल्यावर, किल्ल्या कोणाकोणाकडे, पाणी चढायला लागलं तर आधी काय हलवायचं आणि ते हलवायला कोण येणार, विम्यात काय बसतं आणि काय बसत नाही, एवढंच त्या पानावर आहे. कलेच्या आराखड्यात पूर कशाला, असं एका सदस्यांनी विचारलं होतं. नदीकाठच्या संस्थेनं पाच वर्षांचा विचार करायचा म्हटल्यावर नदीला वगळून तो करता येत नाही.

सकाळी ७:३०

सभागृह उघडायला मामा आधीच आलेले असतात. पावसाळ्यात आमची पहिली फेरी छताखालची. विंगांच्या मागे हात लावून ओल बघायची, पन्हळी तुंबल्यात का बघायचं, लाइटच्या बारवर कुठून थेंब पडतोय का बघायचं.

“डाव्या कोपऱ्यात परत ठिपकतंय बघा,” मामा म्हणतात. “औंदा पत्रा न्हाई बदलला तर पुढल्या साली पडदा जाणार.”

मामांचं हे एक वाक्य म्हणजे खरं तर आराखड्याचं दुसरं पान. इमारत बांधायला देणगी मिळते. कोनशिलेवर नाव कोरलं जातं, फीत कापली जाते, दात्याच्या घरचे लोक डोळ्यांत पाणी आणून उभे राहतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण वॉटरप्रूफिंगला, वायरिंग बदलायला, खुर्च्यांची गादी शिवायला कोणी आपल्या वडिलांचं नाव देत नाही. म्हणून इमारत उभी राहिली त्या दिवसापासून दरवर्षी तिच्या झिजेइतकी रक्कम बाजूला पडली पाहिजे. बहुतेक संस्था ती टाकत नाहीत, आणि मग वीस-पंचवीस वर्षांनी नूतनीकरणाची झोळी घेऊन फिरतात.

इमारतीचा मोह किती महाग पडू शकतो हे आपल्याकडे फार मोठ्या माणसाच्या बाबतीत घडून गेलं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आमच्या शेजारच्याच मुलखातले, जन्म कुरुंदवाडचा, गाण्याचं शिक्षण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एखाद्या राजाच्या पदरी न राहता, जाहीर कार्यक्रमांच्या उत्पन्नावर आणि लोकांच्या देणग्यांवर चालणारी संगीतशाळा ही त्या काळी मोठी झेप होती. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली, पुढे मोठी वास्तू झाली, तिच्यासाठी कर्ज झालं, ते फिटेना, आणि अखेर वास्तूवर लिलावाची वेळ आली. १९३१ मध्ये बुवा गेले. त्यानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज गावोगावची मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात ती या मंडळाची. वास्तू गेली, पण शिष्य, अभ्यासक्रम आणि परीक्षेची घडी राहिली. सकाळी रिकाम्या सभागृहात उभा असलो की मला हे नेहमी आठवतं, आणि तरीही पत्रा यंदाच बदलायचा असं मी वहीत लिहितो.

सकाळी ९:३०

हिशेब बघणाऱ्या ताई आल्या की दार लोटून आम्ही तासभर बसतो. कलासंस्थेचं नियोजन ज्याला शिकायचं असेल त्यानं आधी अशा एका ताईंजवळ बसावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या बँकेत पैसे दिसतात त्यातले आमच्या मनासारखे खर्चता येण्याजोगे थोडेच असतात. कायम निधीला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. एखाद्या कुटुंबानं तबल्याच्या शिष्यवृत्तीसाठी दिलेले पैसे तबल्याच्या विद्यार्थ्यालाच जाणार, तिथे वीजबिलाची अडचण सांगून चालत नाही. शासनाचं अनुदान मंजूर झालं तरी अनेकदा आधी खर्च करा, मग हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मग रक्कम, अशा क्रमानं येतं. महोत्सवाच्या प्रायोजकाचं तसंच. कलाकाराचं मानधन त्याच रात्री द्यायचं असतं, आणि प्रायोजकाचा धनादेश दोन-तीन महिन्यांनी येतो. कागदावर नफ्यात असलेली संस्था जानेवारीत पगार द्यायला अडते ती यामुळे. म्हणून आम्ही वार्षिक अंदाजपत्रकासोबत महिन्या-महिन्याची आवक-जावक मांडतो. एक रुपयाही आला नाही तर संस्था किती महिने चालेल, हा आकडा ताई दर महिन्याला लाल पेनानं लिहितात. २०२० साली सभागृहं बंद झाली तेव्हा कोण तगलं आणि कोण कोलमडलं ते या एका आकड्यानं ठरवलं.

“दादा, साठवायचंय तर कारण लिहून द्यावं लागेल,” ताई सांगतात. प्राप्तिकरात सवलत मिळणाऱ्या धर्मादाय संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च केले पाहिजेत. एखाद्या मोठ्या कामासाठी त्याहून अधिक शिल्लक ठेवायची तर कशासाठी आणि किती काळ ते मुदतीत कळवावं लागतं, आणि तो काळ जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. पुष्कळ कार्यकारिणींना हा नियम जाच वाटतो. मला तो आवडतो. पैसा कशासाठी राखताय हे पाच वर्षांच्या हिशेबानं लिहून काढायला भाग पाडणारा दुसरा कुठलाच कागद आपल्याकडे नाही. पत्रा आणि वायरिंग आम्ही त्याच कागदात बसवलं आहे.

मग किरकोळ पण न चुकवता येणारी कामं: लेखापरीक्षणाचा अहवाल सप्टेंबरअखेर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेला पाहिजे, देणगीवरच्या करसवलतीची प्रमाणपत्रं काही दात्यांना अजून टपालानंच हवी आहेत.

सकाळी ११:००

मिरजेहून सतारमेकर येतात. मिरज स्टेशनपासून सतारमेकर गल्लीपर्यंत ज्यांनी भोपळे आणि लाकडाच्या खोडांमधून वाट काढली आहे त्यांना या माणसांचं महत्त्व सांगायला नको. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या दोन तंबोऱ्यांची जवारी उतरली आहे. एकाच्या भोपळ्याला बारीक चीर आहे.

“हा बदलायचा म्हटला तर थांबावं लागंल,” ते भोपळ्यावर बोट वाजवून म्हणतात. “मोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं यायचा, त्यो वाळायचा, मग काम. घाई करून उपेग न्हाई.”

माझ्या आराखड्यात वाद्यांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम आहे, आणि ती दुरुस्तीच्या गरजेवर अवलंबून नाही. काही बिघडलं नाही त्या वर्षीही एक नवं वाद्य इथूनच करून घ्यायचं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा स्वस्त, हलका आणि बिनतक्रार असतो, विद्यार्थ्यानं घरी तो वापरावाच. पण मिरजेपासून हाकेच्या अंतरावरची संस्था खरा तंबोरा विकत घेणार नसेल तर ही गल्ली आणखी किती पिढ्या तग धरेल? गायकाचं मानधन, वादकाचं मानधन, आणि वाद्य घडवणाऱ्याची मजुरी, हे तिन्ही मिळून संगीतावरचा खर्च होतो. महोत्सवाच्या अंदाजपत्रकात तिसऱ्याला सहसा रकानाच नसतो.

दुपारी १२:३०

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भेट. कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृतीचं जतन, पारंपरिक कलांचं संवर्धन हेही आहे. हे सांगावं लागतं, कारण शाळा, दवाखाना आणि झाडं यांच्यापुढे यादी फारशी कोणी वाचत नाही.

समोरचे साहेब मनापासून मदत करू पाहताहेत. त्यांना महोत्सवाच्या मंचामागे कंपनीचा फलक हवा आहे. मी त्यांना सांगतो की जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व नियमांनुसार या २ टक्क्यांत धरता येत नाही. फलक हवा असेल तर तो पैसा त्यांच्या जाहिरात खात्यातून आला पाहिजे, आणि सामाजिक निधीतून आपण ध्वनिफितींचं डिजिटायझेशन किंवा ग्रामीण शाळांतले संगीतवर्ग करू. आज जो पैसा सहज मिळतोय तो चुकीच्या खात्यातून घेतला तर तीन वर्षांनी त्यांच्या लेखापरीक्षकाचं पत्र येतं आणि जोडलेलं माणूस तुटतं.

मग ते विचारतात, “लाभार्थी किती दाखवायचे?”

या प्रश्नाला कलासंस्थांनी नाक मुरडू नये. पैसा देणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. पण उत्तर आपल्या कामाच्या मापानं द्यावं. दोन हजार मुलांना एकदा सतार दाखवली, हा आकडा मोठा दिसतो. वीस मुलं तीन वर्षं टिकली, त्यातली पाच मध्यमेपर्यंत गेली आणि एक स्वतः शिकवायला लागली, हा आकडा लहान आहे, पण गावात गाणं याच आकड्यानं टिकतं. मी दुसरा तक्ता पुढे ठेवतो. साहेब तो बराच वेळ बघतात आणि “शाळांचं काय ते लिहून पाठवा,” म्हणतात. वाद्यवृंदाच्या रात्रीचाही त्यांचा एक प्रस्ताव आहे. त्यासाठी सभागृह भाड्यानं जरूर घ्यावं, संस्थेचा कार्यक्रम म्हणून तो होणार नाही, असं मी सांगतो. भाड्याचं उत्पन्न आम्हाला हवंच असतं.

दुपारी २:००

डबा. मामा, ताई आणि मी. जेवताना संस्थेचं बोलायचं नाही असा नियम आहे आणि तो पाळला जातो.

दुपारी ३:००

तिकिटांचा हिशेब. ३०० खुर्च्यांचं सभागृह घ्या, २०० रुपये तिकीट ठेवा, तीन चतुर्थांश भरलं असं धरा. हातात येतात ४५,००० रुपये. पुण्या-मुंबईहून बारा-पंधरा जणांची प्रायोगिक मंडळी बोलावली की प्रवास, राहणं, जेवण, मानधन, लाइट आणि साउंड यांत ते पुरत नाहीत. पैसे बुडाले असं लोक म्हणतात. बुडाले नाहीत, या कामाचं अर्थशास्त्रच तसं आहे.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढले तरी परवडतात. मैफलीत तसं होत नाही. शंभर वर्षांपूर्वी विलंबित ख्यालाला जेवढा वेळ आणि जेवढी माणसं लागत होती तेवढीच आजही लागतात. पण गायकाला, तबलजीला, हार्मोनियमवाल्याला आजच्या बाजारभावानं घर चालवायचं असतं. तेव्हा तिकिटाचं उत्पन्न आणि खर्च यांतली दरी दरवर्षी थोडी थोडी रुंदावणार, आणि ती कोणाच्या गाफीलपणामुळे नव्हे. हे एकदा मान्य केलं की व्यवस्थापकाच्या डोक्यावरचं अपराधाचं ओझं उतरतं आणि खरा प्रश्न हाती येतो: ही दरी दरवर्षी कोण आणि का भरणार?

या गावानं तो प्रश्न फार लवकर पाहिला आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं सांगलीच्या राजेसाहेबांपुढे ‘सीतास्वयंवर’ केलं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्यामुळे. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यांना आश्रय दिला होता. १८५१ मध्ये राजेसाहेब वारले आणि आश्रय संपला. नट होते, पद्यं होती, पोशाख होते, पण खर्च उचलणारा एकमेव माणूस गेला होता. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटकाला प्रेक्षकाच्या खिशातला पैसा मिळू लागला. आपण भाव्यांना आद्य नाटककार म्हणून हार घालतो. आश्रयदाता गेल्यावर पैशाची वाट बदलून कला जगवणारा पहिला व्यवस्थापक म्हणून त्यांची आठवण फार थोडे लोक काढतात. माझ्या लेखी तीच त्यांची मोठी कामगिरी.

त्यामुळे आमच्या आराखड्यात एक साधा नियम आहे. कोणत्याही एका दात्याचा, कंपनीचा किंवा अनुदानाचा वाटा एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून वर जाऊ द्यायचा नाही. जास्त मिळत असेल तर ते कायम निधीत टाकायचं, चालू खर्चाला त्याची सवय लावायची नाही. तिकीट थोडं वाढवायला वाव आहे. नाटक आणि संगीताच्या कार्यक्रमांना माणशी ५०० रुपयांपर्यंत प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही, तेव्हा त्या मर्यादेत दोन-तीन दर ठेवता येतात. पुढच्या चार रांगा महाग, मागच्या रांगा विद्यार्थ्यांना जवळजवळ फुकट. फुकट पास मात्र बंद. पासवर आलेला माणूस पाऊस पडला की घरी बसतो.

दुपारी ४:००

संग्रहाची खोली. स्पूल, कॅसेटी, वहीतल्या नोंदी. इथे शिकाऊ म्हणून आलेला मुलगा एकेक फीत ऐकून राग, साथीदार आणि साल लिहून काढतो. फिती ओल्या हवेत खराब होतात, म्हणून काम लवकर संपवायला हवं, पण त्याहून किचकट काम कागदाचं आहे. आपल्या मंचावर गायलं म्हणजे ध्वनिमुद्रण आपलं, असा समज सगळीकडे आहे. कायद्यानं कलावंताचे आपल्या सादरीकरणावरचे हक्क ५० वर्षं राहतात. जुन्या मैफलींच्या वेळी कोणी लेखी परवानगी घेतली नव्हती, तेव्हा तशी रीतच नव्हती. आता आम्ही कलावंतांना किंवा त्यांच्या घरच्यांना पत्रं लिहितो: अभ्यासकांना खोलीत ऐकू द्यायला संमती आहे का, इंटरनेटवर टाकायला आहे का, विकायला आहे का. तिन्ही वेगळे रकाने. बहुतेक जण पहिल्याला आनंदानं हो म्हणतात. आज एका घरून पत्र आलं आहे, सोबत आजोबांचा एक फोटोही पाठवला आहे. मुलगा तो फोटो फितीच्या डब्याला लावू का विचारतो. मी त्याला स्कॅन करून मूळ फोटो परत पाठवायला सांगतो.

संध्याकाळी ५:००

वर्ग सुरू होतात. वरच्या मजल्यावर भूपचे आरोह-अवरोह, खाली तबल्याचा कायदा, आणि मधल्या जिन्यात चपलांचा ढीग.

मंगळवारी याच वेळेला कार्यवाह तात्या येतात आणि कार्यक्रम बघणारी आमची मुलगी वही घेऊन त्यांच्यासमोर बसते. तात्यांनी ही संस्था तीन दशकं ओढली. कोणत्या गायकाला रात्री गाण्याआधी भात चालत नाही, कोणत्या दात्याला वडिलांच्या तिथीला फोन केला की बरं वाटतं, महापालिकेत कोणत्या खिडकीवर आधी जायचं, १९९० च्या दशकात कोणाशी का बिनसलं आणि ते आता कसं जुळवायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे.

“अगं, हे लिहून काय घेतेस, मी आहे की अजून,” तात्या पहिल्यांदा म्हणाले होते.

“म्हणूनच लिहून घेते, तात्या. तुम्ही आहात तोवर विचारता येतं.”

आता ते स्वतःहून सांगतात. गेल्या मंगळवारी ते घरून जुन्या डायऱ्या घेऊन आले. कलासंस्था बंद पडतात त्या बहुधा पैशानं नाही, माणसानं. एक झपाटलेला माणूस उभा राहतो, संस्था त्याच्या घरासारखी होते, आणि तो थकला की आत कोणी शिरू शकत नाही कारण दार कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. अशा माणसांविषयी मला अतोनात आदर आहे. म्हणूनच त्यांचं काम त्यांच्याबरोबर संपू नये असं वाटतं.

संध्याकाळी ६:३०

कार्यकारिणी. अध्यक्ष आबा, तात्या, खजिनदार काका, गाणं शिकवणाऱ्या बाई आणि इतर. चहा येतो. आराखडा चारच पानांचा आहे, कारण चाळीस पानांचा आराखडा कपाटात जातो. पूर, इमारत, पैसा, माणसं, प्रत्येकाला एक पान. पाचव्या वर्षी संस्था कशी दिसावी याची तीन वाक्यं वर लिहिली आहेत: वर्गात शिकलेली मुलं आमच्याच महोत्सवात गातील, तालुक्याच्या गावांतून प्रेक्षक येतील, आणि आज इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक या खुर्च्यांवर नसतील.

तिसरं वाक्य वाचल्यावर कोणी बोलत नाही. मग आबा म्हणतात, “बरोबर लिहिलंय. माझ्यापासून सुरुवात करा.”

खरा वाद महोत्सवावर होतो. मी मांडतो की महोत्सव तीनऐवजी दोन दिवसांचा करावा आणि वाचलेल्या पैशातून वर्षभर तासगाव, विटा, जत, ईश्वरपूर इथं छोट्या बैठका कराव्यात. वर्षातून एकदा मोठी नावं ऐकणारा प्रेक्षक म्हातारा होत चालला आहे, नवा तयार व्हायचा तर गाणं त्याच्या गावात नियमित गेलं पाहिजे. शिवाय खुल्या मैदानात रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवानंही रात्रभराच्या मैफली सोडून आपलं वेळापत्रक बदललं. उत्तररात्रीचे राग त्या वेळी ऐकण्याचं सुख गेलं हे खरं, पण महोत्सव टिकला, कारण वेळेवर बदलला.

“दिवस कमी केला तर लोक म्हणतील संस्था खचली,” काका म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. प्रायोजकही तेच म्हणतील.

मग बाई बोलतात. “तिसऱ्या दिवशी सकाळी कोण गातं ते बघितलंय का कोणी? आपली मुलं गातात. तुम्ही दिवस काढणार म्हणजे त्यांचा काढणार. मोठ्यांचा नाही.”

आकड्यांच्या तक्त्यात हे मला दिसलं नसतं. तिसऱ्या दिवसाच्या सकाळी गर्दी सर्वांत कमी असते, म्हणून कागदावर तोच दिवस आधी गळतो. पण पहिलं वाक्य आम्ही काय लिहिलं आहे? वर्गातली मुलं महोत्सवात गातील. आराखडा लिहिण्याचा उपयोग हाच, की त्यातलंच एक वाक्य उचलून कोणी आपल्यालाच अडवू शकतं. तासभर बोलणं होतं. दिवस दोन ठेवायचे, पण दोन्ही संध्याकाळची सुरुवात आपल्या विद्यार्थ्यांनी, भरल्या मांडवापुढे करायची, रिकाम्या सकाळी नाही, अशी दुरुस्ती बाई सुचवतात. एका कलावंताचं मानधन कलावंतांच्या एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नसावं, हेही त्याच ओघात ठरतं. एका मोठ्या नावासाठी साथीदारांचे आणि तरुणांचे पैसे कापायची जी पद्धत सगळीकडे पडली आहे, ती आमच्याकडे यापुढे चालणार नाही. या ठरावानं मला दिवसभरातलं सगळ्यात मोठं समाधान दिलं.

दोन दिवसांच्या प्रस्तावावर मतभेद उरतोच. काकांचा विरोध कायम आहे, आणि तो नोंदवला जातो.

माणसांच्या पानावर मात्र सगळे एकमत. पदाधिकाऱ्यांना सलग दोनच कार्यकाळ. कार्यकारिणीत चाळिशीच्या आतले किमान तीन. तात्यांच्या सोबतीला सहकार्यवाह म्हणून कार्यक्रम बघणारी मुलगी येईल, पण पगारी कर्मचारी कार्यकारिणीवर बसू शकत नाही असं आमची घटना सांगते, तेव्हा आधी तो मुद्दा सोडवायचा. ती नोकरी सोडून मानद पदावर येऊ शकत नाही, तिला घर चालवायचं आहे. मग घटनेत दुरुस्ती करून पगारी कार्यकारी कार्यवाह हे पद निर्माण करायचं का, यावर आबा वकिलांचा सल्ला घेणार. विश्वस्त आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. पुष्कळ संस्था तो देत नाहीत, आणि दहा वर्षांनी कागदोपत्री स्वर्गवासी माणसं संस्था चालवत असतात. बँक सह्या मानत नाही, अनुदान अडतं, भांडण कोर्टात जातं. काका हे काम स्वतःकडे घेतात.

रात्री ९:३०

सगळे गेले. इतिवृत्त आजच लिहायचं, उद्यावर टाकलं की प्रत्येकाच्या आठवणीतली सभा वेगळी होते. ठराव १, पूर आणि संग्रह: मंजूर, वरच्या मजल्याच्या कपाटांचा खर्च याच महिन्यात. ठराव २, छताचा पत्रा आणि वायरिंग: मंजूर, तीन दरपत्रकं मागवणे. ठराव ३, उत्पन्नात एका स्रोताची मर्यादा: मंजूर. ठराव ४, मानधनाची मर्यादा: मंजूर. ठराव ५, महोत्सव दोन दिवसांचा करणे: खजिनदारांच्या नोंदवलेल्या विरोधासह, वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे निर्णयासाठी. ठराव ६, घटनादुरुस्ती: वकिलांच्या मतानंतर त्याच सभेपुढे.

पाचव्या ठरावावर सभासद भांडणार, आणि भांडावं. ज्या सभेत महोत्सवावरून कोणी आवाज चढवत नाही त्या संस्थेतून लोक मनानं उठून गेलेले असतात. काकांना मी फोन करून सांगतो की त्यांनी आपला मुद्दा सभेत सविस्तर मांडावा, हवे ते आकडे ताई काढून देतील. ते तिसऱ्या दिवसाच्या प्रायोजकांची मागच्या वर्षांची यादी मागतात. सभेची नोटीस शुक्रवारपर्यंत टपालात पडायला हवी. पत्ते बदललेल्या सभासदांची यादी ताईंनी टेबलावर ठेवली आहे, उद्या सकाळी आधी ती घ्यायची.